आतून लावलेलं ठिगळ

दोरीवर वाळत घातलेली पॅन्ट संध्याकाळी काढायला गेलो, तर ती उलटी करून टाकलेली होती आणि तिच्या दोन्ही मांड्यांत, दोन्ही गुडघ्यांवर आणि बुडाला बनियनच्या कापडाची पाच ठिगळं आतून शिवलेली होती. पॅन्ट नवी होती. मी ती तीनदाच घातली होती. दुबईला गेलेल्या माझ्या आत्येभावानं ती आणली होती. ओढली की ताणायची, सोडली की जागेवर यायची. ऐंशीनंतरची एक-दोन वर्षं असतील. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत तसली जीन्स दुसऱ्या कुणाकडं नव्हती. मी ती हातात धरून अंगणात उभा राहिलो. ओरडावं की रडावं, काही सुचेना.

"कोणी केलं हे?" शेवटी तोंडातून फुटलं.

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या घरमालकीणबाईंनी मानही वर केली नाही. "म्या केलं. काहून?"

"मावशी, नवी आहे ती!"

"नवी हाय म्हणून तं केलं. फाटल्यावर कोणीही लावते गा. त्यात काय मोठं शहाणपण?"

"पण मला विचारायचं तरी!"

"तुले काय विचारू? तुले ठावं हाय का, ही कुठून जाईन ते?"

मला ठाऊक नव्हतं. त्या घरात राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते. खोलीत धावत गेलो आणि माझ्या सोबत्याला पॅन्ट दाखवली. तो वर्ध्याचा, एका बँकेत कारकून, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं चष्मा पुसला, पॅन्ट पाहिली आणि म्हणाला, "पाचच? माझ्या टेरिकॉटला सात आहेत." मग त्यानं खुंटीवरच्या आपल्या चारही पॅन्टी एकेक करून उलट्या केल्या. मी मटकन खाटेवर बसलो. त्या घरात भाडेकरूंच्या कपड्यांना पोट आणि पाठ अशा दोन बाजू नव्हत्या. एक लोकांनी बघायची बाजू होती आणि एक मावशींची.

मावशींचं वय तेव्हा साठीच्या आत-बाहेर असेल. बुटक्या, काटक, नऊवारी लुगडं, आणि चोळीच्या डाव्या खांद्यावर ओळीनं खोचलेल्या चार सुया, चारींमध्ये चार रंगांचे दोरे ओवलेले. जवळून जाताना त्यांचा खांदा लागला तर माणूस ओरडायचाच. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. ते गिरणीत होते एवढंच गल्लीला माहीत होतं, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नसे. मूलबाळ नाही. तीन कौलारू खोल्या भाड्यानं द्यायच्या, दोन वेळचं रांधायचं, आणि उरलेल्या वेळात डोळ्यांनी लोकांचे कपडे चाचपायचे.

चाचपायचे म्हणजे खरोखरच. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी गृहस्थाला त्या थांबवायच्या. "ओ साहेब, थांबा जरा. पलटा." तो बिचारा पलटायचा. "मांडीत विरलं हाय तुमचं. सायकल चालवता न? अजून पंधरा दिवस चालन, मंग भर बाजारात जाईन." साहेब लालेलाल व्हायचे. एकदा बडकस चौकात मी त्यांची पिशवी धरून बरोबर होतो तेव्हा त्यांनी एका पोलीस हवालदाराला असं पलटायला लावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हवालदार मात्र मुकाट पलटला, मागं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "खरंच की वं मावशी!"

आणि पोस्टमनचं प्रकरण तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. दुपारी बारा वाजता गल्लीत टपाल यायचं. एक दिवस एक वाजला, दीड वाजला, टपाल नाही. लोक चौकशीला निघाले. पाहतात तर पोस्टमन आमच्या न्हाणीच्या दाराआड पंचा गुंडाळून उभा, त्याची खाकी पॅन्ट मावशींच्या मांडीवर, आणि टपालाची पिशवी ओसरीवर उघडी. मावशींनी हात न थांबवता जमलेल्यांना सांगितलं, "आपापली चिठ्ठी पाहून घ्या अन् जा. त्याले उशीर लागन." अख्ख्या गल्लीनं आपापली पत्रं शोधून नेली. सरकारी माणसाची सरकारी पॅन्ट, सरकारी वेळेत! माझ्या सोबत्याला बँकेतल्या नियमांची आठवण होऊन घाम फुटला होता. पोस्टमन मात्र जाताना नमस्कार करून गेला.

त्यांच्या कामाची पद्धत कुणालाही अवघडून टाकणारी होती. ठिगळाचं माप त्या माणूस उभा असताना घेत नसत. अंगणाच्या मधोमध त्याला उकिडवं बसवायचं. "बसा. अजून खाली. आता पुढं वाका, जोडा बांधल्यावानी." चांगले चष्मेवाले, पेन लावलेले लोक त्या अंगणात उकिडवे बसलेले मी पाहिले आहेत, आणि समोरच्या घराच्या खिडकीतून बायका तोंडाला पदर लावून बघत असत. मावशी खडूनं खूण करायच्या आणि म्हणायच्या, "उभ्यानं कपडा खोटं बोलते. बसल्यावरच समजते तो कुठं तकलीफ घेऊन राह्यला ते."

माझी ती जीन्स त्यांना अजब वाटली होती. त्या तिला 'रबराची पॅन्ट' म्हणत. पण अजब वाटली म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. शिवायला घेण्याआधी म्हणे त्यांनी ती दोरीवर नुसती ओढून-सोडून पाहिली, आडवी किती ताणते, उभी किती ताणते, आणि मगच बनियनचं जुनं कापड निवडलं. मी हे सगळं नंतर शिकलो, आणि तेही माझ्या मूर्खपणामुळं.

झालं असं की पहिल्या दिवसाचा राग माझ्या डोक्यातून जाईना. मी ब्लेडनं ती पाचही ठिगळं उसवली. पॅन्ट सीताबर्डीवरच्या एका शिंप्याकडं नेली आणि ऐटीत सांगितलं, लावायचंच असेल तर नीट लाव, मशीनवर, मजबूत. त्यानं दोन्ही मांड्यांत आतून ड्रिलच्या जाड कापडाचे चौकोनी तुकडे लावले आणि सरळ टाक्याच्या चार-चार रांगा मारल्या. चौथ्या दिवशी सायकलवर टांग टाकली आणि डाव्या मांडीत 'टर्र' झालं. ड्रिल शाबूत होतं. त्याच्या कडेनं जीन्स मात्र फाटत गेली होती, जणू कुणी पट्टी ठेवून कापली असावी.

मी ती मावशींपुढं ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिलो. मला वाटलं आता खरडपट्टी. त्या बराच वेळ ती फाट बोटांनी उघडून-मिटून पाहत राहिल्या.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "ताणाऱ्या कपड्याले ठिगळ बी ताणारं लागते. नाही तं ठिगळ जागच्या जागी राह्यते अन् बाजूचा कपडा जाते. अन् कोपरे ठेवाचे नाही. कोपऱ्यातूनच फाटते. सरळ टाका मारला का वढला का तुटला. तिरपा मारा लागते, एकमेकाले ओलांडून, सैल हातानं." त्यांनी खांद्यावरची निळ्या दोऱ्याची सुई काढली. "बस इथं."

त्या दिवशी मी तासभर त्यांच्याजवळ बसलो. इतके सावकाश आणि इतके सारखे हात मी आजवर पाहिलेले नाहीत. बाहेरून नुसती निळी रेघ दिसत होती, तीही मांडी पसरली तरच. त्यानंतर माझा राग गेला, तो कायमचा.

पण इथं मला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. मी नागपूरला बी.एस्सी. करायला आलो होतो. दुसऱ्या वर्षी नापास झालो, आणि घरी पास झालो म्हणून लिहिलं. भिवापूरला बाबांचं मिरचीचं लहानसं दुकान होतं. माझं पत्र पोचलं त्या दिवशी त्यांनी दुकानात येईल त्याला पेढा दिला, असं आईनं कळवलं. ते वाचल्यावर खरं सांगायची हिंमत संपली. मग शेवटच्या वर्षाला प्रवेश घेतल्याचं लिहिलं. प्रत्यक्षात माझं नाव कॉलेजातून कमी झालं होतं. रोज सकाळी दहाला वही घेऊन निघायचो आणि 'शुक्रवारी' नावाच्या तलावाच्या काठी चुन्यानं सांधलेल्या दगडी कठड्यावर जाऊन बसायचो. पाचला परत. घरात कुणाला पत्ता नव्हता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

सहा-सात महिने असे गेले. दिवसभर पाण्याकडं बघत बसलं की माणसाच्या मनात काय काय येतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आधी मी तिथं वेळ काढायला जायचो. नंतर नंतर पाण्याकडं बघायलाच जायला लागलो.

मार्चमध्ये बाबांचं कार्ड आलं. 'रविवारी सकाळच्या गाडीने येतो. प्राचार्यसाहेबांच्या घरी जाऊन भेटावे म्हणतो. तुला पुढे काय शिकवावे ते त्यांनाच विचारू. त्यांच्यासाठी मिरची आणतो.' मी कार्ड तीनदा वाचलं. प्राचार्य माझा चेहरासुद्धा विसरले असतील, आणि माझा बाप मिरचीचं पोतं घेऊन त्यांच्या दारात उभा राहणार होता!

त्याच आठवड्यात मी जीन्स धुवायला टाकली होती. शुक्रवारी संध्याकाळी परत आलो तर मावशी अंगणात ती उलटी करून मांडीवर घेऊन बसलेल्या. एक हात आत घालून बुडाचं कापड उजेडाकडं धरलेलं. कापड मलमलीसारखं झालं होतं. पलीकडून त्यांची पाच बोटं दिसत होती.

"तू कालेजात बाकावर बसत नाही," त्या म्हणाल्या.

मी हसण्याचा प्रयत्न केला. "म्हणजे?"

"लाकडावर बसणाऱ्याचं बूड चकाकते. ते तुह्या सोबत्याचं पाह्य, आरशावानी हाय. दगडावर बसलं का लव निंगते. ही पाह्य लव. अन् हा चुना. रोजच्या रोज, दिवसभर बसल्याबिगर एवढी लव निंगत नाही." त्यांनी पहिल्यांदाच नजर वर करून माझ्याकडं पाहिलं. "कोणत्या दगडावर बसून राह्यला गा तू?"

कुणी मला रस्त्यात उघडं केलं असतं तरी इतकं वाटलं नसतं. आई-बापाला नाही, मित्राला नाही, एकाच खोलीत झोपणाऱ्या सोबत्याला नाही कळलं, ते या बाईनं पॅन्टीच्या बुडावरून वाचलं होतं! मी खोटंच बोललो. प्रयोगशाळेबाहेर दगडी ओटा आहे, तिथं बसून वाचतो, म्हणालो.

त्यांनी पॅन्ट सुलटी केली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. "घे."

"बुडाला लावायचं नाही का मावशी? विरलंय."

"नाही."

"का?"

"म्या एकडाव सांगितलं, नाही लावत. इथं माहा हात लागणार नाही."

दाराशी उभा असलेला माझा सोबती तोंड उघडं टाकून बघत राहिला. हवालदाराला न सोडणारी, पोस्टमनला तासभर पंचावर उभं ठेवणारी बाई एका विरलेल्या कापडाला नाही म्हणाली होती. रात्री खाटेवर पडल्या पडल्या तो एवढंच म्हणाला, "तू काहीतरी मोठं केलेलं दिसतंय."

शनिवारी मी तलावावर गेलो आणि अंधार पडला तरी उठलो नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली. मग उठलो, कारण कठड्याच्या पलीकडं एक म्हातारा मला सारखं "वाजले किती बाबू?" असं विचारत होता आणि माझ्याजवळ घड्याळ नव्हतं.

सोबती सुटीला वर्ध्याला गेला होता. रविवारी सकाळी उठून पाहतो तर माझ्या दुसऱ्या दोन्ही पॅन्टी खुंटीवर नाहीत. शोधत न्हाणीत गेलो. दोन्ही सोड्याच्या पाण्यात बादलीत बुडवलेल्या.

"मावशी! आज बाबा येतात! आजच का भिजवल्या?"

"घाण झाल्या होत्या," त्या चुलीपुढून म्हणाल्या. "रबराची घाल न. ती कोरडी हाय."

जीन्स चढवली आणि बाहेर येतो तो बाबा दारात. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी, टोपीच्या घडीत खोचलेला दाभण, आणि खांद्यावर अर्धं पोतं मिरची. एसटीतून उतरून महालापर्यंत ते पायी आले होते. पोतं ओसरीवर टेकवताच अख्ख्या घराला ठसका लागला. बाबा हसले. माझ्याकडं असं पाहत होते की मला नजर वर करवेना. मी पाया पडायला वाकलो.

'टर्र' नाही, चांगला मोठा आवाज झाला. मागून गार वारा लागला. मी तसाच सरळ होत होत मागं सरकलो आणि ओसरीवरच्या खाटेवर धपकन बसलो.

बाबांच्या काही ध्यानात आलं नाही. ते पाणी प्यायले, मावशींना नमस्कार केला. "बाई, तुमच्या भरोशावर पोरगं हाय," म्हणाले. "आता चाल गा बाबू. प्राचार्यसाहेब देवपूजेतून उठले असतीन. मंग बाहीर गेले तं भेटणार नाहीत."

"हो, हो," मी म्हणालो आणि बसून राहिलो.

"उठ न."

"उठतो."

"तब्येत बरी हाय का तुही? काहून असा बसला?"

मी केविलवाण्या नजरेनं मावशींकडं पाहिलं. त्या चहाची कपबशी घेऊन दाराशी उभ्या होत्या. खांद्यावर चार सुया. मी म्हणालो, "मावशी, जरा शिवून द्या ना. पॅन्ट फाटली."

"शिवीन," त्या म्हणाल्या. "पयले तुह्या बापाले सांग, कायनं फाटली ते."

"जुनी होती—"

"जुनी नाही. कायनं फाटली?"

बाबा एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होते. मला उठून पळता येत नव्हतं. फाटक्या बुडानं पळणार कुठं? इतकं हास्यास्पद आणि इतकं भयंकर मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलेलं नाही. आणि मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. नापास, पत्रं, तलाव, कठडा, सगळं. पाण्याकडं बघत बसतो हेही सांगून टाकलं. तसं ते ठरवलं नव्हतं.

मावशींनी हातात दिलेला चहा बाबांनी न पिताच खाली ठेवला. पहिल्यांदा ते माझ्यावर नाही, मावशींवर उखडले.

"बाई, तुमाले ठावं होतं हे?"

"परवापासून ठावं होतं."

"मंग एक कार्ड नाही टाकता आलं? मले नाही तं त्याच्या मायले! अन् इथं चारचौघांत त्याले असं नागवं केलं?"

"चारचौघं कुठं हाय," मावशी म्हणाल्या. "बाप हाय अन् मी हाय. त्याच्या तोंडून निंगालं पायजे होतं. माह्या कार्डानं काय झालं असतं? तुमी वाचलं असतं, अन् तो कठड्यावर राह्यला असता."

आता बाबा मारतील म्हणून मी वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला तो मार हवा होता. पण ते उठले, न्हाणीवरचा पंचा आणून माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "काढ ती."

मी काढली. त्यांनी टोपीतला दाभण काढला, फाट पाहिली, दाभण परत टोपीत खोचला आणि मावशींपुढं हात केला. "सुई द्या."

त्या सुया मावशींनी आजवर कुणाच्या हातात दिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी खांद्यावरची काळ्या दोऱ्याची दिली. बाबा जमिनीवर पाय पसरून बसले, पॅन्ट दोन पायांच्या अंगठ्यांत पकडून ताणली आणि जन्मभर मिरचीची पोती शिवलेल्या हातांनी पोत्याचं तोंड शिवतात तसं शिवायला लागले. मोठा, तिरपा, एकाला एक ओलांडून जाणारा टाका. मावशी वाकून बघायला लागल्या. मग चक्क खाली बसल्या.

"हा टाका कोणी शिकवला तुमाले?"

"कोणी नाही. पोतं भरलं का फुगते. सरळ शिवलं तं उसवते." बाबा मान वर न करता म्हणाले. मग माझ्याकडं न बघता: "उद्या कालेजात जाऊ. नापास पोराच्या बापालेही बसाले खुर्ची देतच असतीन."

मला रडू फुटलं. मी पंचाचं टोक तोंडात धरलं. कुणी माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं, सहज विचारावं तसं, बाबांनी विचारलं, "पण बाई, ते दगडाचं तुमाले कसं समजलं? बूड पाहून? मले तर नवलच वाटून राह्यलं."

मावशी पॅन्टीकडं बघत होत्या. "आमचे हे गिरणीत होते," त्या म्हणाल्या. "खात्यातून काढलं त्यायले. मले सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निंगत, सांजच्याले येत. मी त्यायची पॅन्ट धुतो तं बुडाले लव. चुना. गिरणीत दिवसभर उभ्यानं काम राह्यते, भाऊ. बूड कायनं झिजन? मी समजली."

बाबांचा हात थांबला.

"विचारलं नाही?"

"नाही विचारलं. म्हटलं, माणसाची अब्रू हाय, आपण काहून उघडी पाडाव. ठिगळ लावलं. आतून. ते विरलं तं दुसरं लावलं. सात महिने लावून राह्यली. एवढं बारीक शिवलं का त्यायलेही समजलं नसन. मले वाटे, मी त्यायले सांभाळून राह्यली." त्यांनी जमिनीवरचा एक दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला. "मंग एक दिवस पोलीस आला. तलावावर चाला म्हणे. तीन दिवसाचं मढं होतं. चेहरा पाहाण्यासारखा नव्हता. कोणीच सांगू शकेना कोण हाय. म्या पॅन्ट उलटी केली अन् सांगितलं, हे आमचेच. टाका माहा हाय."

हे त्या ज्या आवाजात माझ्या जीन्सबद्दल बोलत त्याच आवाजात बोलल्या. त्या वर्षभरात त्यांनी ज्या ज्या माणसाला रस्त्यात थांबवलं होतं, पलटा म्हणून सांगितलं होतं, तो एकेक माणूस मला दिसायला लागला, आणि आपण किती हसलो होतो तेही.

मग त्या उठल्या. "दोघाईचा भात टाकतो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुई पॅन्टीत तशीच अर्धवट राहिली होती. बाबांनी हात लांब करून माझं उजवं मनगट धरलं, मिरचीनं चरचरणाऱ्या हातानं, इतकं घट्ट की दुखायला लागलं. आतून जेवायला हाक आली. पुन्हा आली. आम्ही दोघं उठून आत गेलो, पाटावर बसलो, तरी त्यांनी ते सोडलं नाही. मी डाव्या हातानं जेवलो.